वाटी वाजवून शुगर उतरत नसती, भाऊ

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात शुगर, बीपी, गुडघे, मणका यातलं काहीच नाही त्यांनी सोडून दिली तरी चालेल. म्हणजे किल्लारीत फारसं कुणी सोडू शकणार नाही.

आठ-दहा दिवसांपासून आपल्या भागातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पत्रक फिरतंय. 'ध्वनी उपचार, योग व प्राणायाम महाशिबिर.' तीन दिवस, पहाटे पाच ते सात. चित्रात डोळे मिटून बसलेला माणूस, त्याच्या भोवती पितळी वाट्या आणि अंगातून निघणारे निळे किरण. त्याखाली आजारांची यादी: शुगर, बीपी, थायरॉइड, संधिवात, लकवा, मणक्यातील गॅप. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात, 'गोळ्यांपासून कायमची सुटका'. आयोजकांचं नाव मी घेत नाही. हे गेले की दुसऱ्या नावानं दुसरे येतील, पत्रक तेच राहील.

माझं भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे. योगाशी नाही, व्यायामाशी नाही आणि वाटीशी तर मुळीच नाही. हे आधीच सांगतो, कारण खाली कमेंटमध्ये 'तुम्हाला आपल्या संस्कृतीचं वावडं आहे' असं लिहायला काही जण तयारच बसलेले आहेत. मला स्वतःला आठ वर्षांपासून शुगर आहे. रोज चाळीस मिनिटं चालतो, थोडी आसनं करतो, आणि दोन वेळा गोळी घेतो. तिन्हींमुळं बरा आहे. कुठल्या एकामुळं नाही.

आमच्या गल्लीतला एक माणूस दोन वर्षांपूर्वी असल्याच एका शिबिराला गेला होता. त्याला इन्सुलिन चालू होतं. नंतर तो मला म्हणाला, "तीन दिवस लई बरं वाटलं बघा. अंग कापसासारखं हलकं झालं. झोप लागली. म्हणलं आता सुई कशाला?" हलकं वाटलं हे खोटं नव्हतं. तीन दिवस पहाटे उठून, शांत बसून, श्वास मोजून, मंद आवाज ऐकून कुणालाही बरं वाटेल. पण बरं वाटणं आणि साखर उतरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढलेली साखर लवकर दुखत नाही, हीच तिची खोड. दीड महिन्यानं पायाला चप्पल चावली. पायाला मुंग्या येऊन येऊन बधिरपणा आलेला, त्याला जखम कळलीच नाही. सोलापूरला नेलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. आज तो माणूस सालदारकी करू शकत नाही. शिबिरवाले कुठं आहेत? मोबाइल नंबर बंद आहे.

आता वाटीबद्दल. ज्याला 'तिबेटी' वाटी म्हणतात ती वाजवून रोग बरे करायची परंपरा हजारो वर्षांची आहे असं पत्रकात लिहिलंय. ही वाटीची लाट पश्चिमेत आली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९७२ साली हेन्री वोल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांनी अशा वाट्या-घंटांच्या आवाजाची एक ध्वनिमुद्रिका काढली, तिथून तिचं नाव गाजायला लागलं. परदेश फिरून ती आता आपल्याकडं 'प्राचीन भारतीय' होऊन आलीय. पत्रकात '५२८ हर्ट्झचा दिव्य नाद' असंही आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं, एवढंच. हे नाव हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञावरून पडलंय आणि तो एकोणिसाव्या शतकातला. ऋषिमुनींनी सेकंद मोजून ५२८ चा आकडा कधी काढला ते आयोजकांनी सांगावं.

अभ्यास झालेत का? झालेत. कॅलिफोर्नियात ६२ लोकांना वाटीच्या आवाजात झोपवून आधी आणि नंतर प्रश्न विचारले. ताण, राग, थकवा कमी वाटला असं लोकांनी सांगितलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे तेवढाच वेळ नुसतं शांत पडून राहिले असते तर काय झालं असतं, ते त्या अभ्यासातून कळत नाही. आणि त्यात कुणाचीही शुगर 'मुळापासून' गेली नाही. ताण हलका झाला, इतकंच. तेवढ्यासाठी कुणी वाटी वाजवत असेल तर वाजवू दे की. त्यात वाईट काय आहे?

उलट मी म्हणेन की आवाजानं मन निवतं हे आपल्याला शिकवायला कुणी बाहेरून यायची गरजच नाही. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, सप्त्यातला टाळ-मृदंग. आपल्याच तालुक्यात औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन आहे, गात गात गोल फिरायचं. त्यात नाद बी आला आणि व्यायाम बी आला. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, दोन तास टाळ वाजवून घरी गेल्यावर कशी झोप लागते. पण आजवर एकाही विणेकऱ्यानं उठून असं सांगितलं नाही की, माउली, हरिपाठ म्हणा आणि बीपीची गोळी फेकून द्या. ह्याची पावती बी फाडली नाही कधी.

आणि आवाजाचं म्हणाल तर किल्लारीइतकं आवाजाला कोण ओळखतं? १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडं धक्के आणि जमिनीखालचे आवाज सुरू झाले होते. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती बुडवून दमून झोपलेल्या गावांवर पहाटे चारच्या आधी भिंती कोसळल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली. हे सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी ३० सप्टेंबरला पुढारी येऊन सांगून जातात. जे सांगत नाहीत ते हे, की त्या रात्री ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसांचं पुढं काय झालं. ज्यांची कंबर, पाय, मणका तेव्हा दबला ती आज पन्नाशी-साठी-सत्तरीत आहेत. त्या जुन्या दुखण्यावर आता शुगर आणि बीपी येऊन बसलंय. आणि मनाचं तर कुणी मोजलंच नाही. रात्री जवळून जड ट्रक गेला की अजूनही दाराकडं धावणारी माणसं मी पाहिलीत. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज यायला लागले तेव्हा आपल्याकडच्या किती आया अंगणात झोपल्या, आठवतंय का?

अशा गावात कुणी येऊन म्हणतो की डोळे मिटा, हा आवाज तुम्हाला शांत करील. माणसं जाणारच. मी त्यांना हसत नाही. तीस वर्षांत त्यांना 'तुमची छाती धडधडते का, झोप लागते का' असं निवांत बसून विचारणारा तो पहिलाच माणूस असतो. राग यायचा तर तो ह्याचा यायला पाहिजे. (फुकटचा एक नंबर लिहून ठेवा: १४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारचा आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या ओळखीत दहातल्या नऊ जणांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.)

आता योगाकडं येतो. ज्या योगाच्या नावानं हे शिबिर चाललंय, त्या योगाची आपल्या महाराष्ट्रातली परंपरा ह्या पत्रकाच्या अगदी उलटी आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलं. त्यांनी पहिली गोष्ट काय केली? आसन आणि प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय होतं ते यंत्रं लावून मोजायला सुरुवात केली आणि 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात छापलं. शंभर वर्षांपूर्वी! आज शंभर वर्षांनी आमच्याकडं जे येतात त्यांच्या पिशवीत साधं बीपीचं मशीन नसतं.

दुसरे पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षयानं पिळून निघालेला पोरगा. आजारी शरीराला योग कसा बसवायचा हे त्या माणसानं आयुष्यभर शोधलं. खुर्ची, पट्टा, लाकडी वीट, दोर, उशी. ज्याला वाकता येत नाही त्यानं विटेवर हात टेकवावा, ज्याला मांडी घालता येत नाही त्यानं खुर्चीवर बसावं. म्हणजे आसन रोग्याकडं आणायचं, रोग्याला ओढून आसनात कोंबायचं नाही. आता आपल्या मैदानावरच्या महाशिबिराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. स्टेजवर एक जण माइकवर, खाली पाचशे माणसं सतरंजीवर. सत्तरीची आज्जी बी तेच करतीय आणि अठरा वर्षांचं पोरगं बी तेच. 'चला, कपालभाती, जोरात!' ज्याचं बीपी एकशे ऐंशी आहे, ज्याला हर्निया आहे, ज्याच्या डोळ्याच्या पडद्याला शुगरनं इजा झालीय, त्याला कोण विचारणार? काचबिंदूवाल्यानं डोकं खाली पाय वर केलं तर डोळ्यातला दाब वाढतो. हे माइकवरून कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि पहाटे पाचला उपाशीपोटी! जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी उपाशी पोटी दोन तास घाम गाळला तर साखर एकदम खाली येऊ शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढं अंधार. शिबिरात त्याला 'विष बाहेर पडतंय' म्हणतात. अरे बाबांनो, विष नाही, त्याला आधी खडीसाखर द्या. व्यायामाला जाताना खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवा, हे सांगायला एक पैसा लागत नाही. तशीच दुसरी गोष्ट, 'गवतावर अनवाणी चाला.' ज्याच्या पायाला बधिरपणा आहे त्यानं अनवाणी चालायचं नाही. आपल्याकडं गवत कमी आणि कुसळं, काटे जास्त. वर गल्लीतल्या त्या माणसाची दोन बोटं सांगितलीच आहेत.

योगानं काय होतं आणि काय नाही, याचा एक मोठा अभ्यास आपल्याच देशात झालाय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, २४ दवाखाने. निम्म्यांना तीन महिन्यांत योगाची तेरा सत्रं, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०२० साली निकाल छापून आला. योगवाल्यांची तब्येत स्वतःला जास्त बरी वाटत होती, ते आपल्या रोजच्या कामावर जास्त चांगले परतले. पण मृत्यू, पुन्हा झटका वगैरे ठामपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे औषधं दोन्हीकडं चालूच होती. मला हा निकाल आवडतो. यात योगाचा अपमान नाही, खोटी आरती बी नाही. बरं वाटणं, कामावर जाता येणं, ही काय लहान गोष्ट आहे का? ती औषधाच्या जागी नको, औषधाच्या सोबत पाहिजे, एवढंच.

व्यायामाचंही तसंच. नियमित चालणं, थोडं वजन उचलणं, यानं शुगरवाल्याची तीन महिन्यांची सरासरी अर्धा-पाऊण टक्क्यानं खाली येऊ शकते. हे लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलं त्यात जुना आजार असलेल्यांचाही वेगळा विचार आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि जमत नसेल तर जेवढं जमेल तेवढं. ते शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. गुडघ्याची वाटी झिजलेल्या बाईला खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजायला लावलं तर मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात फुप्फुस गेलेल्या बायांना श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवले तर दम कमी लागतो. पण हे शिकवायचं कुणी? त्याला फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आणि तो आपल्याला लातूरला किंवा सोलापूरला भेटतो. लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जाऊन येऊन दिवसाची मजुरी बुडाली, वर तिकीट, वर फी. आठवड्यातून तीनदा कोण जाणार?

इथं मला सरकारी बाजूला पण दोन शब्द बोलायचेत. आशाताई घरोघरी येऊन तीस वर्षांपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात. कंबर मोजतात, तंबाखू विचारतात. त्यात एक प्रश्न असतो, आठवड्याला १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? आमच्या ओळखीच्या एका मावशीला हा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "माय, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच खुरपते. त्याची किती मिनिटं धरायची?" आशाताई हसली, मावशी बी हसली. पण मावशीचा प्रश्न खरा आहे. दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला डॉक्टर पाच सेकंदात 'वजन कमी करा, व्यायाम करा' म्हणतो तेव्हा तिला वाटतं की आजार म्हणजे आपलीच चूक. तिला व्यायामाचा उपदेश कमी आणि गुडघ्याला विश्रांती जास्त लागते, पाठ सरळ करायचे चार सोपे प्रकार लागतात. आणि तेल-मीठ कमी करा म्हणताना तिच्या घरात दुपारच्या जेवणाला चटणी-भाकरीशिवाय काय असतं, हेही बघावं लागतं.

काही आजार तर असे आहेत की व्यायामाचा जोर लावला की माणूस आणखी पडतो. कोविडनंतर महिनोन्‌महिने थकवा न गेलेले लोक आपल्याकडंही आहेत. इंग्लंडच्या आरोग्य संस्थेनं २०२१ साली दीर्घ थकव्याच्या आजारात 'रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या' हा जुना सल्ला मागं घेतला. म्हणून 'आळशी आहे, उठवा त्याला' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा दमानं घ्यावं.

२१ जूनचं तर काय बोलू. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात ठराव केला, २०१५ पासून जगभर योगदिन होतो. चांगली गोष्ट आहे. आपल्याकडं त्या दिवशी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर पुढारी, अधिकारी, फोटोग्राफर, पांढरे टी-शर्ट. मी बी त्याच्या बातम्या करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून सांगतो: २२ जूनला त्या मैदानावर कुत्रं नसतं. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं योगाची सत्रं व्हावीत असं कागदावर आहे. किती ठिकाणी आठवड्याला नेमानं होतात, हे गावकऱ्यांनीच आपापल्या गावात जाऊन बघावं. जवळच्या एका सरकारी दवाखान्यात (नाव घेत नाही, बिचाऱ्या कर्मचाऱ्यांवर येतं) महिन्याच्या गोळ्या मागितल्या तर पंधरा दिवसांच्या मिळतात, असं मला अनेक रुग्णांनी सांगितलंय. दर पंधरा दिवसांनी मजुरी बुडवून गोळ्या आणायच्या. मग तीनदा जमतं, चौथ्यांदा राहतं. अशा माणसाला कुणी 'गोळ्यांपासून सुटका' म्हणलं की त्याला ते देववाणीच वाटणार. पत्रकवाल्याची जाहिरात आपल्या व्यवस्थेनंच आधी करून ठेवलीय.

कायद्याचं सांगतो. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लकवा, कर्करोग, अपस्मार असे कितीतरी आजार आहेत. ते बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं पतंजलीसारख्या बलाढ्य कंपनीला फसव्या जाहिरातींवरून वर्तमानपत्रात जाहीर माफी छापायला लावली. मग आपल्या चौकातल्या फ्लेक्सला कायदा लागू नाही का? आणि माझ्याच धंद्यातल्या मित्रांना विचारतो, अर्ध्या पानाची जाहिरात घेताना ती यादी एकदा बघितली तर काय बिघडेल?

देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या २०२३ च्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. हा एवढा मोठा बाजार आहे. त्यात वाटीवाले येणार, काढेवाले येणार, चुंबकाची गादी विकणारे येणार. आपण त्यांना गावाच्या वेशीवर अडवू शकत नाही.

पण मागू शकतो. नव्या किल्लारीचे रस्ते चांगले रुंद आहेत, पुनर्वसनात निदान तेवढं मिळालं. त्यातला एक रस्ता निवडून दिवे लावा, सकाळी दोन तास वाहनं बंद ठेवा, बाया न भिता चालतील. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याच्या एकदम द्या. योगशिक्षकाला नियमित मानधन द्या आणि त्याला आधी सांगा की दारात बीपी मोजल्याशिवाय कुणाला सतरंजीवर बसवायचं नाही. आणि खुर्च्या ठेवा, निदान वीस.

शिबिर तर होणारच. कुणी जाणार असेल तर जा. डोळे मिटून पडा, आवाज ऐका, बरं वाटलं तर मलाही सांगा. फक्त सकाळची गोळी आणि सुई चुकवू नका, खिशात गूळ ठेवा, आणि जो कुणी 'औषध बंद करा' म्हणेल त्याच्याकडून ते वाक्य त्याच्या सहीनिशी कागदावर लिहून मागा. देत नसेल तर तिथंच व्हिडिओ काढा आणि मला पाठवा.

ग्रामसभेत वरचे मुद्दे घ्यावेत म्हणून अर्ज लिहून तयार ठेवलाय. सह्यांसाठी रोज सकाळी दहा ते बारा मी बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर आहे. सही येत नसेल तर अंगठा चालतो, शाईचं पॅड आणलंय.